सागवानाखालचा तळ

गेल्या महिन्यात पुतण्याच्या लग्नाची पत्रिका द्यायला दापोडीला गेलो होतो. काम दहा मिनिटांचं, पण परत फिरताना पाय आपोआप नदीच्या अंगाला वळले. तिथं काठावर एक जुना बोट क्लब आहे. फाटकाशी रखवालदार तंबाखू मळत बसला होता. आत गवतावर ठेवलेली बोट मला दिसली आणि माझी छाती फुगली. मी त्याला म्हणालो, "ही बोट ओळखतोस का? हिच्या पोटातला सागवान आमच्या हातचा आहे." एवढ्यावर थांबलो असतो तर निभावलं असतं. पण मी आत शिरलो, वाकलो, तिच्या पिवळसर फळ्यांवरून हात फिरवला, सागाच्या रेषा त्याला वाचून दाखवल्या, ब्रह्मदेशाचं नाव घेतलं आणि शेवटी टकटक वाजवून म्हणालो, "आवाज ऐक. ह्याला म्हणतात लाकूड!"

रखवालदारानं तंबाखू मळायची थांबवली. "काका, ही गेल्या वर्षी मुंबईवरनं आलीया. फायबरची हाय. वर लाकडावानी नुसता रंग मारलाय."

पिंपरीच्या एका कारखान्यात, ओतकामासाठी लाकडाचे साचे घडवणाऱ्या खात्यात, मी वीस वर्षं काढली आहेत. हा गृहस्थ डोळे मिटून लाकडाची जात सांगतो अशी माझी तिथं ख्याती आहे. ती बरीचशी मीच पसरवली आहे. त्या दिवशी डोळे उघडे होते, तिथंच काय ते चुकलं.

रखवालदाराला माझी दया आली असावी. "जुनी एक शेडमागं पडलीया," तो म्हणाला. "तुमची असली तर ती असंल. जरा बघून जावा, कोंबडी अंड्यावर बसलीया तिच्यात."

शेडमागं घाणेरीच्या झुडपांत ती होती. रंग गेलेला, डोलकाठी नाही, सुकाणू नाही. जिथं बसून सुकाणू धरायचं त्या मागच्या खोलगट चौकात पेंढा, आणि पेंढ्यावर एक तांबडी कोंबडी. तिनं माझ्याकडं असं पाहिलं की मी नकळत चपला काढल्या. गुडघे टेकले, कठड्यावरून आत वाकलो. ऊन फळ्यांवर पडलं होतं, आणि पेंढ्याच्या, कोंबडीच्या वासाखालून तो दुसरा वास हळूच वर आला. राळेचा, डांबराचा, तापलेल्या सागाचा. हा वास वाजवून बघावा लागत नाही. माझी मान खाली होती ती बराच वेळ खालीच राहिली, आणि मन पंचवीस वर्षं मागं गेलं.

तेव्हा दापोडी म्हणजे रेल्वेचे रूळ, मुंबईचा रस्ता, आणि त्या दोहोंच्या मधे दाटीवाटीनं बसलेल्या चाळी नि शेडी. आमची लाकडाची वखार नि कारखाना अगदी रुळाला लागून होता. लोणावळ्याकडची गाडी गेली की भिंतीवर टांगलेल्या करवती एकमेकींशी कुजबुजायच्या. पिंपरीला औषधांचा मोठा कारखाना उभा राहत होता, त्याच्या खिडक्या-दारांच्या चौकटी आमच्याकडे व्हायच्या. फाल्गुनात चाकणकडून कांद्याच्या गाड्या उतरायच्या. बैलांच्या घुंगरांच्या आधी कांद्याचा वास यायचा, आणि रंधा मारता मारता माझा हात थांबायचा. मी त्याच अंगाच्या एका खेड्यातला. शेती सोडून इथं का आलो ते सांगत बसत नाही. घरात तीन भाऊ, तीन चुली होत्या, आणि तिन्ही चुलींपुढं मी पाहुणा होतो, एवढं पुरे.

माझं वय बावीस. लग्न होऊन दहा महिने झाले होते, आणि बायको आळंदीला माहेरी होती. तिचं नाव मी इथं लिहीत नाही. ती हे वाचणार आहे, आणि नाव घेतलं की जास्त बारकाईनं वाचते.

सासरे माळकरी. मंदिराच्या वाटेवर त्यांचं टाळ-चिपळ्यांचं दुकान होतं. बोलणं थोडं, पण एकदा बोललेलं पुन्हा न बदलणारं. लग्नानंतर त्यांनी मला समोर बसवून सांगितलं होतं, "पोरगी तुझ्या भावांच्या चुलीवर न्हाई राहायची. जिथं तू, तिथं ती. पर आधी तुझी जागा पक्की कर. पक्की नोकरी आन् चार भिंती. मग न्हे." मी मान हलवली होती. कारखान्यात तीन महिने उमेदवारी, ती पार पडली की माणूस पक्का, आणि पक्क्या माणसाला शेडमागच्या चाळीत एक खोली, असा शेठचा नियम होता. तोवर मी नदीपलीकडं पिंपळे गुरवला गोदाक्का नावाच्या एका म्हातारीच्या गोठ्याशेजारच्या पडवीत राहत होतो. डाव्या हाताला तट्ट्या, उजव्या हाताला म्हैस. रात्री तिचा श्वास नि माझा श्वास एका लयीत चालायचा. बायकोला आणावी अशी ती जागा नव्हती, आणि तसं मी सासऱ्यांना, म्हशीसकट, फार जोरात सांगूनही बसलो होतो.

उमेदवारीचे शेवटचे तीन आठवडे उरले, आणि ही बोट आली.

बैलगाडीवर आडवी घालून तिला नदीवरून शेडमध्ये आणली तेव्हा आम्ही सगळे हातातलं काम टाकून बघायला गेलो. कुणा गोऱ्या साहेबानं मायदेशी जाताना क्लबाला देऊन टाकलेली. होळीनंतरच्या दुसऱ्या रविवारी क्लबात बोटींच्या शर्यती होत्या. तिच्या मागच्या चौकातून पाणी आत झिरपत होतं. वरच्या सागाच्या पट्ट्या काढायच्या, खालचा तळ नीट करायचा आणि त्याच पट्ट्या पुन्हा बसवायच्या, असं काम. क्लबातले लोक त्या चौकाला कॉकपिट म्हणायचे. भिकू मेस्त्री म्हणायचा हौदा. मी मनातल्या मनात त्याला अंगण म्हणायचो. दोन माणसं पाय पसरून बसतील एवढंच अंगण.

भिकू मेस्त्री मालवणचा. साठीला आलेला, काळा, बारीक, मनगटं मात्र दोरखंडासारखी. समुद्रात जाणारी गलबतं बांधलेला माणूस दापोडीत खिडक्या का बनवत होता ते त्यानं कधी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. शेठनं त्याला विचारलं, "हाताखाली कोण पाहिजे?" त्यानं सगळ्यांचे हात बघितले आणि माझ्याकडं बोट दाखवलं. मला वाटलं, माझी कारागिरी पाहिली. नंतर कळलं, माझ्या हातांना नांगराचे घट्टे होते, म्हणून. हे काम घट्टेवाल्याचंच होतं.

पहिले दोन दिवस आम्ही पट्ट्या काढल्या. प्रत्येक पट्टीच्या पाठीवर शिसपेन्सिलनं आकडा, आणि आकड्याप्रमाणं भिंतीशी उभी. पितळी स्क्रू हिरवे पडले होते, फिरवताना कण्हायचे. शेवटची पट्टी निघाली आणि खालचा तळ उघडा पडला. मी नाक धरून तोंड फिरवलं. जुनं डांबर, सडका लेप, काळं पाणी, मेलेले किडे. एवढ्या देखण्या सागाखाली हे असलं?

"नाक कित्याक धरतंस?" मेस्त्री म्हणाला. "वरचो सागवान बघूक लोक येतत. पाणी मात्र खालचा बघता."

मग खरवडणं सुरू झालं. पटाशी आडवी धरायची आणि लाकडाला न दुखवता वरचा मळ उचलायचा. खर्र, खर्र, खर्र. दिवसभर तोच आवाज. संध्याकाळी पवना नदीच्या उतारातून पलीकडं जाताना पाण्याचा आवाजही मला खरवडल्यासारखा ऐकू यायचा. डांबराचे कण केसांत, कानांत, डब्यातल्या भाकरीत. सडलेला भाग मेस्त्री नखानं दाबून शोधायचा, कापून काढायचा, आणि तिथं नव्या लाकडाचा तुकडा असा बसवायचा की सांधा मला उन्हात धरूनही दिसायचा नाही. स्क्रूंच्या जुन्या भोकांत एकेक लाकडी खुंटी ठोकायची, वरून तासायची. अशा दोनशेच्या वर खुंट्या मी ठोकल्या. मोजल्या नाहीत म्हणतो, पण मोजल्या होत्या.

मग काचकागद. आधी जाड, मग बारीक, मग त्याहून बारीक. आठवडाभरात त्या घाणीखालून एक फिकट, मऊ, गव्हाच्या रंगाचा तळ वर आला. मेस्त्री त्यावर तांब्याभर पाणी ओतायचा आणि ते कुठं जातं बघत बसायचा. मी आमच्या खळ्याच्या सवयीनं एक बाजू सपाट करून ठेवली होती. तिथं पाणी थबकलं. "हयसर पाणी काय इचार करता?" मेस्त्रीनं विचारलं, आणि मी पुन्हा गुडघ्यावर बसलो. पाणी कोपऱ्यातल्या भोकाकडं एकदम, कुठंही विचार न करता जायला लागलं तेव्हा त्यानं बिडी पेटवली. त्याचं शाबासकी देणं एवढंच.

त्याचे काही नेम होते. दुपारी तो चुलीवर बांगडा भाजायचा, आणि जेवल्यावर राखेनं हात तीनदा धुतल्याशिवाय बोटीला शिवायचा नाही. मलाही धुवायला लावायचा, भाजी-भाकरी खाल्लेली असली तरी. मी त्याचा अर्थ असा लावला की हा माझ्या माळकरी सासऱ्यांचा मान राखतो आहे. मोठ्या मनाचा माणूस, असं मी गोदाक्काला सांगितलंसुद्धा. दुसरा नेम काचेच्या पेल्याचा. भर उन्हात तो तळावर पेला पालथा घालायचा. आतून काचेवर दव जमलं की लाकूड ओलं. "अजून रडता," म्हणायचा. मग दुसऱ्या दिवशी पुन्हा पेला. पाच दिवस ते लाकूड रडलं. सहाव्या दिवशी, शनिवारी, काच कोरडीठाक निघाली. सोमवारी मेस्त्री पुण्याहून राळ आणणार, दुपारी लेप लावायचा, मंगळवार-बुधवार पट्ट्या बसवायच्या, गुरुवारी बोट नदीवर. शेठनं क्लबाला गुरुवारचा शब्द दिला होता.

मधला रविवार माझा होता.

सुट्टीच्या दिवशी शेडवर नजर ठेवायची पाळी माझी. शेडमध्ये कोणी नाही, गाड्याही कमी. पत्र्यातून उन्हाचे कवडसे पडलेले. मी बोटीत पाय सोडून बसलो आणि त्या तळाकडं बघत राहिलो. कोरडा, फिकट, ओठ सुकल्यासारखा. आणि मला आमची बैलगाडी आठवली. फाल्गुन लागला की दादा, म्हणजे माझे वडील, गाडी सावलीत घ्यायचे, जू, दांड्या, चाकांचे आरे पुसायचे, आणि करडईच्या तेलात चिंधी बुडवून सगळं लाकूड माखायचे. "उन्हाळा येतोय, त्याला तहान लागलीया. पी बाबा," असं लाकडाशी बोलायचे. तेल प्यायलेलं लाकूड पुढं सालभर तडकत नाही. आमच्या घरी कोरडं लाकूड दिसलं आणि त्याला तेल पाजलं नाही, असं कधी झालं नव्हतं.

आईनं दिलेली करडईच्या तेलाची बाटली माझ्या पिशवीत होती, त्याच दिवशी गावाकडून आलेली. मी सदऱ्याची बाही फाडली, आणि सगळी बाटली त्या बोटीला पाजली. अगदी कोपऱ्याकोपऱ्यांत, प्रेमानं. "पी बाई," असंही म्हणालो असेन. तळ मधासारखा झळाळला. मेस्त्री उद्या बघेल आणि न सांगता दोन बिड्या पेटवेल, अशी माझी खात्री होती.

सोमवारी सकाळी झाडलोट केली, धूळ बसावी म्हणून तळावर हातानं चार थेंब पाणी शिंपडलं. थेंब पसरले नाहीत. अळूच्या पानावर राहावेत तसे गोल, टपोरे, चमकत राहिले. मी बोटानं एक ढकलला. तो घरंगळत गेला. पाणी जिथं धरत नाही तिथं राळ काय धरणार? तो भाजलेला बांगडा, ती तीनदा राख, सासऱ्यांचा मान नव्हे, तेलाचा विटाळ! एवढा साधा हिशेब मला दोन आठवडे सुचला नव्हता.

तेवढ्यात शेठ आले. कच्छी माणूस, पांढरी टोपी, कानात अत्तराचा फाया. बोटीत डोकावले आणि त्यांचा चेहरा खुलला. "वा! क्या बात है! आरशासारखं केलंस. भिकू आला की लगेच पट्ट्या बसवा. गुरुवारी गेली पाहिजे." जाता जाता माझ्या खांद्यावर थाप मारून म्हणाले, "चाळीतली कोपऱ्यातली खोली झाडून घे. खिडकी आहे तिला."

मी तिथंच बसलो. खिडकी आहे तिला, हे मी किती वेळा मनात म्हटलं कुणास ठाऊक. थेंब उन्हानं आटून जाणार होते. वरून पट्ट्या बसल्या, स्क्रू पिळले की तेल कुणाला दिसणार? शर्यत पार पडली असती. पुढचा पावसाळा येईपर्यंत, पट्ट्या सुटून पाणी खाली शिरेपर्यंत, मी पक्का झालो असतो, आळंदीला गेलो असतो, तिला घेऊन आलो असतो. गप्प बसायचं, बस्स. मला तसंही फार बोलता येत नव्हतं.

रुळावरून गाडी गेली. करवती कुजबुजल्या. मी त्या दोनशे खुंट्यांकडं बघत होतो. तेलानं प्रत्येकीचा गोल चेहरा अगदी स्पष्ट उमटला होता, आणि सगळ्या मिळून माझ्याकडं बघत होत्या. ह्या मी ठोकल्या होत्या. आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी असं केलं होतं की ज्यातून पाणी जाणार नव्हतं. मला एकदम राग आला, स्वतःचाच, आणि तो राग फार उपयोगी पडला. ठरलं तिथंच.

दुपारी मेस्त्री राळेचं पोतं खांद्यावर घेऊन आला. त्याला पाणी पिऊ दिलं आणि मग म्हणालो, "मेस्त्री, म्या तळाला त्याल पाजलंया."

"काय केलंस?"

"त्याल. करडईचं. बाटलीभर."

तो बोटीपाशी गेला, वाकला, तळाचा वास घेतला. मग माझ्याकडं वळला. मला वाटलं, मारणार.

"मेल्या," तो हलकेच म्हणाला, "बोटीक फोडणी दिलंस?"

आणि मग जे मालवणी सुरू झालं ते मला निम्मं कळलं नाही, निम्मं कळलं ते लिहिण्यासारखं नाही. शेठ धावत आले. सगळं कळल्यावर लालबुंद झाले. "कोणाला दिसतंय? लाव पट्ट्या वरून!" मेस्त्री म्हणाला, "माझ्या हातातसून नाय जाऊची ती तशी." "अरे, मी गुरुवारचा शब्द दिलाय!" मेस्त्रीनं डोक्याचा पंचा सोडला, पुन्हा बांधला. "शनवारी देतलंव. आणि चुकी माझी. मी ह्येका सांगलंयच नाय." हे खोटं होतं. हात धुवायला तर रोज सांगत होता. मी बोललो, "चूक माजी हाय, शेठ." शेठ दोघांकडं बघून म्हणाले, "तुमची चूक तुम्ही वाटून घ्या. मला बोट द्या."

तेल काढायचं कसं? रंधा मारला तर तळ पातळ होणार. सोड्यानं धुतलं तर वरचं जाणार, आत मुरलेलं राहणार. मेस्त्री पटाशीनं कान खाजवत बसला होता. मी म्हणालो, "आमची आई तेलाची बुधली गरम राखंनं काढती. राख त्याल वढून घेती." त्यानं माझ्याकडं पहिल्यांदाच जरा माणूस असल्यासारखं पाहिलं. "मग जा. राख घेवन ये."

पुढचे दोन दिवस माझ्या डोक्यावर राखेची पाटी होती. पहाटे पिंपळे गुरवला घरोघरच्या चुली पेटायच्या, तेव्हा मी दारात उभा. "मिस्त्री, आता राख इकाया लागलास व्हय रं?" गोदाक्का ओरडायची, आणि पाटीत दोन फावडी जास्तीची टाकायची. पाटी डोक्यावर घेऊन गुडघाभर पाण्यातून मी नदी ओलांडायचो. पाण्यावर धुकं, पलीकडं पळसाची लाल झाडं, तोंडात राखेची चव. शेडमध्ये राख पत्र्यावर तापवायची, चाळायची, तळावर जाड थर दाबायचा, वरून गरम विटा ठेवायच्या. तासाभरानं राख तेलकट, ओलसर, काळपट होऊन यायची. ती खरवडायची, फेकायची, नवीन थर. मंगळवार-बुधवार मिळून अकरा थर झाले. दंड वर जाईना म्हणून शेवटचे थर मी डाव्या हातानं खरवडले. मेस्त्री शेजारी बसून तेच करत होता. एकदा खरवडता खरवडता म्हणाला, "तू गप रवलो असतंस तर माका कळला नसता. वास माका हल्ली येत नाय." म्हणजे सोमवारी तो वाकून वास घेत होता तेव्हा त्याला काहीच आलेलं नव्हतं.

मग सोड्याचं पाणी, मग स्वच्छ पाणी, मग दीड दिवसाचं कडक ऊन, नि पुन्हा बारीक काचकागद. शुक्रवारी दुपारी मी चार थेंब शिंपडले. ते पडले, पसरले, आणि लाकडात शिरून गेले. पालथा पेला कोरडा निघाला. मेस्त्रीनं बिडी काढली, मधोमध तोडली, आणि अर्धी माझ्या हातावर ठेवली. मी बिडी ओढत नव्हतो. ती ओढली, आणि खूप खोकलो.

त्या संध्याकाळी राळ तापली. तो वास दापोडीभर पसरला असेल. गरम लेप तळानं असा धरला, जसं तापलेल्या जमिनीनं पाणी धरावं. त्यावर रात्रभर जागून एकेक पट्टी, पाठीवरच्या आकड्याप्रमाणं, आपल्या जुन्या जागी. एक, दोन, तीन. फटींत सूत, सुतावर राळ. शनिवारी बैलगाडी जुंपली, बोट नदीवर गेली, आणि आम्ही दोघं काठावर उकिडवे बसून तिला पाण्यात उतरताना बघत राहिलो. अर्ध्या तासानं मेस्त्री आत उतरला, पट्ट्यांवर तळहात टेकून सगळीकडं फिरला, आणि कोरडा हात माझ्या गालाला लावला.

सोमवारी शेठनी बोलावलं. "बोट झकास झाली. क्लबवाले खूश आहेत. पण मला दोन दिवस त्यांच्या दारात तोंड लपवावं लागलं. नियम म्हणजे नियम. तुझे तीन महिने पुन्हा पहिल्यापासून." कोपऱ्यातली खोली दुसऱ्याला गेली.

कोंबडीनं शेडमागं एकदा पंख फडफडवले, तेव्हा मी भानावर आलो. पेंढा जरा बाजूला सारला. फटींतली राळ बरीचशी उडाली आहे, साग राखाडी पडला आहे. पण मी अंगठ्याचं नख एका पट्टीच्या कडेखाली घालून पाहिलं, मग दुसरीच्या, मग किल्लीच घालून पाहिली. एकही उचलली नाही. रखवालदार मागं येऊन उभा होता. "हीच व्हय, काका?" मी मान हलवली. ह्या खेपेला टकटक केलं नाही.

तर, शेठकडून निघालो तो तसाच, भुशानं पांढऱ्या पायांनी, आळंदीच्या गाडीत बसलो. निरोप पाठवता आला असता. पण सांगायचं तर समोर बसून सांगायचं, असं डोक्यात घेतलं होतं. सासरे दुकानात टाळांच्या जोड्या लावत होते. एक टाळ उचलायचे, दुसऱ्यावर वाजवायचे, जुळत नसली तर बाजूला. आतल्या दाराच्या पडद्यामागं बांगड्या वाजल्या आणि थांबल्या. मी सगळं सांगितलं. तळ, खुंट्या, तेल, राख, पेला, लाकडाचं पाच दिवसांचं रडणं, सगळं. एवढं मी त्या घरात कधी बोललो नव्हतो.

"तू बोलला नसतास तर कळलं असतं का कुनाला?" सासऱ्यांनी विचारलं.

"न्हाई, मामा."

"मग?"

"पानी आत गेलं असतं."

ते कितीतरी वेळ टाळ वाजवत राहिले. घाटावरून ओल्या कपड्यांचा थपथप आवाज येत होता. "खरं बोललास, चांगलं केलंस," ते शेवटी म्हणाले. "पर ठरलं ते ठरलं. पक्का झालास की ये. तीन महिन्यानं."

मी चहा संपवला. त्यांचं बरोबर होतं. उठलो, पाया पडलो, चपला शोधायला लागलो. तेवढ्यात पडदा सरकला. ही बाहेर आली ती काखोटीला बोचकं घेऊनच. दहा महिन्यांत वडीलधाऱ्यांसमोर ती माझ्याशी अवाक्षर बोलली नव्हती. त्या दिवशी तिनं वडिलांकडं पाहिलंसुद्धा नाही. बोचकं माझ्या हातात दिलं, पदर खोचला आणि म्हणाली,

"आनखी तीन महिनं? मी काय बोट हाय व्हय, उनात वाळत ठिवायला? चला. ती म्हस कुठं बांधलीया त्येवढं सांगा, म्हंजे दुसऱ्या अंगाला हातरून घालता यील."